शाळेत वाढलेला सण: हनुक्का

'हनुक्का' या हिब्रू शब्दाचा अर्थ वास्तू विधिपूर्वक अर्पण करणे, तिचा वापर सुरू करणे. मराठीत वास्तुशांत म्हटल्यावर जो भाव मनात येतो, त्याच्या जवळपासचा हा अर्थ आहे. याच धातूपासून हिब्रूत आणखी एक शब्द तयार झाला आहे: 'हिनुख', म्हणजे शिक्षण. घराचा जसा आरंभ करायचा, तसाच मुलाचाही. सण आणि शाळा यांचे नाते असे शब्दापासूनच जुळलेले आहे, आणि पुढच्या इतिहासाने ते पक्के केले.

ज्यू धर्मशास्त्रात हनुक्काचे स्थान तसे लहान आहे. तोरा या मूळ धर्मग्रंथात त्याचा उल्लेख नाही. शब्बाथ या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसासारखी किंवा पेसाह या सणासारखी कामाला बंदी नाही. दुकाने उघडी असतात, बस धावतात. संध्याकाळी दिवे लावायचे आणि प्रार्थनेत काही भर घालायची, एवढाच विधी. तरीही आज ज्यू मुलांना वर्षातले सण विचारले तर हनुक्काचे नाव अगदी आधी येते. हे मोठेपण त्याला मुलांनी आणि मुलांच्या शिक्षकांनी मिळवून दिले आहे.

सण किस्लेव महिन्याच्या २५ तारखेला सुरू होतो आणि आठ दिवस चालतो. ज्यू महिना मराठी महिन्याप्रमाणे चंद्राचा असतो, वर्ष मात्र ऋतूंशी जुळवून घेतलेले असते. त्यासाठी १९ वर्षांत सात अधिक महिने धरतात. पंचांगातल्या अधिक मासाचा हिशेबही हाच. महिना चंद्रकोरीपासून मोजला जात असल्यामुळे २५ तारीख नेहमी कृष्ण पक्षाच्या शेवटी येते आणि सणाच्या मध्यावर अमावास्या पडते. मराठी पंचांगानुसार ती कार्तिकातली किंवा मार्गशीर्षातली असते. इंग्रजी तारखेने सण नोव्हेंबरच्या शेवटापासून डिसेंबरच्या शेवटापर्यंत पुढेमागे सरकतो. जेरुसलेममध्ये या दिवसांत सूर्य पावणेपाचच्या आधीच मावळतो. वर्षातल्या सर्वांत लांब रात्री आणि त्यात चंद्रही नाही, अशा वेळी हा दिव्यांचा सण येतो.

त्यामागची हकिकत इ.स.पू. दुसऱ्या शतकातली आहे. तेव्हा यहूदिया प्रांत सेल्युसिड या ग्रीक राजघराण्याच्या ताब्यात होता. राजा चौथा अँटायोकस याने ज्यूंच्या धर्माचरणावर बंदी घातली आणि इ.स.पू. १६७ मध्ये जेरुसलेमच्या मंदिरात परक्या देवतेची पूजा सुरू करवली. मोदीइन गावचा वृद्ध पुरोहित मत्तथिया आणि त्याचे पाच मुलगे यांनी उठाव केला. मत्तथियानंतर नेतृत्व यहूदाकडे आले. त्याचे टोपणनाव मक्काबी, आणि त्यावरूनच सगळ्या लढवय्यांना मक्काबी म्हणू लागले. डोंगरदऱ्यांचा आधार घेऊन लढणाऱ्या या छोट्या फौजेने मोठ्या सैन्याला जेरीस आणले. इ.स.पू. १६४ मध्ये मंदिर परत मिळवून, स्वच्छ करून, २५ किस्लेव याच दिवशी ते पुन्हा देवाला अर्पण करण्यात आले. युद्ध तिथे संपले नाही. पुढच्या एका लढाईत शत्रूकडे हत्ती होते आणि यहूदाचा भाऊ एलाझार एका हत्तीच्या पोटाखाली शिरून त्याला मारताना स्वतः चिरडला गेला. मक्काबींच्या पहिल्या ग्रंथात त्या प्रत्येक हत्तीवर भारतीय माहूत असल्याची नोंद आहे.

सण आठ दिवसांचा का, याची दोन उत्तरे आहेत. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथानुसार लढवय्यांना त्या वर्षी सुक्कोत हा आठ दिवसांचा सण डोंगरात लपून राहावे लागल्यामुळे नीट साजरा करता आला नव्हता. मंदिर हाती आल्यावर त्यांनी त्याच धर्तीवर आठ दिवस आनंद केला. दुसरे उत्तर काही शतकांनंतर रचलेल्या बॅबिलोनी तालमूद या धर्मग्रंथात येते. मंदिरातल्या दीपवृक्षासाठी शुद्ध तेल हवे होते. शोधाशोध केल्यावर प्रमुख पुरोहिताची मोहोर शाबूत असलेली एकच बुधली सापडली. तिच्यात एका दिवसापुरते तेल होते, ते आठ दिवस पुरले. जगभरच्या ज्यू मुलांना ठाऊक असलेली गोष्ट ही दुसरी. कारण उघड आहे. चार वर्षांच्या मुलाला राजाचे फर्मान समजावून सांगणे कठीण, पण संपत आलेले तेल न संपणे त्याला लगेच कळते.

दिवे लावण्याची रीतही मुलांच्या मनात भरेल अशी आहे. मंदिरातल्या मेनोरेला, म्हणजे दीपवृक्षाला, सात शाखा होत्या. हनुक्काच्या दीपवृक्षाला, म्हणजे हनुक्कियाला, आठ दिवे आणि एक वेगळा, थोडा उंचावर किंवा बाजूला बसवलेला नववा दिवा असतो. त्याला 'शमाश' म्हणजे सेवक म्हणतात. तो आधी पेटवायचा आणि त्याच्या ज्योतीने बाकीचे. पहिल्या संध्याकाळी एक दिवा, दुसऱ्या संध्याकाळी दोन, असे करत आठव्या संध्याकाळी आठही. याबद्दल जुन्या काळी वाद झाला होता. शम्माई या धर्मपंडिताच्या परंपरेचे म्हणणे, आठ दिव्यांपासून सुरुवात करून रोज एक कमी करावा. हिल्लेल या दुसऱ्या पंडिताच्या परंपरेचे म्हणणे, पवित्र गोष्टीत चढत जावे, उतरू नये. हिल्लेलचे मत रूढ झाले, आणि मुलांच्या दृष्टीने ते फार बरे झाले. आठ दिवस रोज काहीतरी वाढत जाते, त्यामुळे त्यांची उत्सुकता शेवटच्या संध्याकाळपर्यंत टिकते.

मेणबत्त्या उजवीकडून डावीकडे बसवतात, पेटवताना मात्र डावीकडच्या नव्या मेणबत्तीपासून सुरुवात करतात. या ज्योतींच्या उजेडात वाचायचे नाही, शिवायचे नाही, पैसे मोजायचे नाहीत. त्या नुसत्या पाहायच्या. काही उजेड वापरला गेलाच तर तो शमाशचा धरायचा. दीपवृक्ष खिडकीत किंवा दाराशी ठेवतात, कारण घडलेला चमत्कार रस्त्यावरच्या माणसाला दिसावा अशी आज्ञा आहे. एक ते आठ यांची बेरीज ३६ होते, त्यात रोजचा एक याप्रमाणे आठ शमाश मिळवले की ४४. दुकानात हनुक्काच्या मेणबत्त्यांचे खोके ४४ चेच मिळते. पहिली-दुसरीच्या वर्गांना बेरजेचा तयार धडा या खोक्यातच सापडतो.

पूर्व युरोपातल्या जुन्या ज्यू वस्त्यांत मुलांची शाळा म्हणजे 'हेदर', एका खोलीत भरणारा वर्ग. दिवस मोठे, शिस्त कडक, हिवाळ्यात अंधार पडल्यावरही पाठांतर चालू. हनुक्काच्या संध्याकाळी मात्र मुलांना मोकळीक मिळे. शिशाच्या चौकोनी भिंगऱ्या ओतून त्यांचा खेळ मांडला जाई. याच दिवसांत शिक्षकांना पालकांकडून पैसे देण्याची चाल होती. हळूहळू ते पैसे मुलांच्या हातात पडू लागले. 'हनुक्का गेल्ट' या नावाने आज मुलांना नाणी किंवा सोनेरी कागदात गुंडाळलेली चॉकलेटची नाणी मिळतात.

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वेगळाच प्रश्न उभा राहिला. डिसेंबरमध्ये शेजारच्या घरांत नाताळचे झाड, भेटवस्तू, गाणी. ज्यू मुले हे सगळे खिडकीतून पाहत. सिनसिनाटी शहरातले राबाय, म्हणजे ज्यू धर्मगुरू, मॅक्स लिलियन्थाल आणि आयझॅक मेयर वाइज यांनी सिनेगॉग या प्रार्थनास्थळात खास मुलांसाठी हनुक्काचा समारंभ सुरू केला. दिवे, गाणी, खाऊ, भेटी. घराच्या खिडकीतला सण मुलांच्या मेळाव्यात आला तो असा.

पुढचे वळण आधुनिक हिब्रू भाषेने आणले. १८९८ मध्ये रिशोन लेझियोन या वसाहतीत पहिली हिब्रू बालवाडी सुरू झाली. शतकानुशतके हिब्रू ही प्रार्थनेची आणि ग्रंथांची भाषा होती. ती आता मुलांनी खेळताना, भांडताना बोलायची होती. पण लहान मुलांना म्हणायला गाणी कुठे होती? शिक्षिकांना ती हवी होती आणि लेखकांनी ती लिहून दिली. युक्रेनमध्ये जन्मलेले आणि १९१३ मध्ये पॅलेस्टाइनमध्ये आलेले लेविन किप्निस हे त्यांतले सर्वांत मोठे नाव. 'सेविवोन, सोव सोव सोव' हे भिंगरीचे गाणे त्यांचे. बालवाडीच्या गरजेतून त्यांनी सणवार, ऋतू, झाडे, प्राणी यांवर शेकडो गाणी आणि गोष्टी लिहिल्या. १९७८ मध्ये त्यांना बालसाहित्यासाठी इस्रायल पारितोषिक मिळाले. त्यांची गाणी आजी, आई आणि नात अशा तीन पिढ्यांना पाठ असतात. एखाद्या भाषेच्या बालवाडीसाठी एवढे काम एका माणसाच्या हातून क्वचितच झाले असेल.

इस्रायलमध्ये हनुक्काच्या बहुतेक दिवसांत बालवाड्या आणि प्राथमिक शाळांना सुट्टी असते. त्यामुळे शाळेतली धामधूम मुख्यतः आधीच्या दोन-तीन आठवड्यांत चालते. ऑलिव्हची तोडणी नुकतीच उरकलेली असते, म्हणून सुरुवात तेलापासून होते. मुले ऑलिव्ह दगडाने ठेचतात, लगदा फडक्यात बांधून पिळतात आणि जमलेला रस काचेच्या भांड्यात ठेवतात. थोड्या वेळाने पाणी तळाशी राहते आणि तेल वर तरंगते. ओंजळभर ऑलिव्हमधून चमचाभरही तेल निघत नाही. मोहोरबंद बुधलीची किंमत काय होती, हे मुलांना त्या चमच्याकडे पाहून कळते. नुसत्या गोष्टीतून ते कळले नसते.

मग दीपवृक्ष घडवायचे. माती, लाकडाची फळी, बाटल्यांची झाकणे, नट, जे हाती येईल ते वापरतात. नियम दोनच सांगितले जातात: आठही दिवे एका ओळीत, एका उंचीवर असावेत आणि शमाश निराळा दिसावा. ज्योत खरी असल्यामुळे बालवाडीच्या बाई काळजी घेतात. मेणबत्त्या धातूच्या तबकात लावतात, मोकळे केस बांधायला लावतात, मुलाचा हात धरूनच शमाश टेकवतात. पेटत्या मेणबत्तीवर पेला उपडा घालून ती विझताना दाखवणे, पाण्यावर तेल ओतून त्यात वात तरंगत ठेवणे, हे प्रयोगही याच दिवसांत होतात.

सणाच्या सुमारास पालकांसह मेळावा भरतो. तो शक्यतो संध्याकाळी ठेवतात, कारण दिवे अंधार पडल्यावर लावायचे असतात. सकाळच्या वर्गात लावलेला दिवा हा सराव, विधी नव्हे. मुलांच्या डोक्यावर पुठ्ठ्याचे मुकुट असतात, त्यांवर कागदी ज्योती चिकटवलेल्या. आठ मुले ओळीने उभी राहतात, नववे मूल शमाश होऊन एकेकाला 'पेटवते'. मग खोलीतले दिवे मालवतात. हातात छोट्या विजेऱ्या घेतलेली मुले 'बानू होशेख लेगारेश' हे सारा लेवी-तनाई यांचे गाणे म्हणत गोल फिरतात. नावाचा अर्थ 'आम्ही अंधाराला हाकलायला आलो'. अंधाराला घाबरण्याच्या वयातली मुले अंधाऱ्या खोलीत पाय आपटून त्यालाच दम देतात, यात बालमनाची जाण दिसते.

भिंगरी, म्हणजे हिब्रूत सेविवोन आणि यिद्दिश या पूर्व युरोपीय ज्यूंच्या भाषेत द्रेदल, हा या सणाचा खास खेळ. तिला दोरी लागत नाही. वरची दांडी चिमटीत धरून गिरकी द्यायची. चार बाजूंवर चार अक्षरे असतात: नून, गिमेल, हे, शीन. त्यांतून 'तिथे मोठा चमत्कार घडला' हे हिब्रू वाक्य तयार होते. इस्रायलमधल्या भिंगरीवर शीनच्या जागी पे असते आणि वाक्य होते 'इथे मोठा चमत्कार घडला'. खेळ मुळात युरोपातल्या जुगाराच्या भिंगरीवरून आला आणि अक्षरे यिद्दिशमधल्या खेळाच्या सूचनांची: काही नाही, सगळे, अर्धे, भर घाला. चमत्काराचे वाक्य त्यांना नंतर जोडले गेले, पण ते इतके चपखल बसले की मूळ अर्थ मागे पडला.

खेळताना प्रत्येकाजवळ बदाम, मनुका किंवा चॉकलेटची नाणी असतात. सगळ्यांनी एकेक मध्ये टाकायचे आणि पाळीपाळीने भिंगरी फिरवायची. नून पडले तर काही नाही, गिमेल पडले तर मधला सगळा डाव आपला, हे पडले तर अर्धा, शीन किंवा पे पडले तर आपले एक मध्ये टाकायचे. डाव रिकामा झाला की पुन्हा सगळ्यांनी एकेक टाकायचे. वरच्या वर्गांत हाच खेळ संभाव्यतेच्या धड्यात येतो. प्रत्येक अक्षर पडण्याची शक्यता एक चतुर्थांश, म्हणून खेळ सगळ्यांना सारखाच असावा, असे वाटते. १९७६ मध्ये गणितज्ञ रॉबर्ट फाइनरमन यांनी दाखवले की खेळाडू दोनपेक्षा जास्त असले तर पहिल्या पाळीच्या खेळाडूला थोडा जास्त फायदा मिळतो, कारण भरलेला डाव सर्वांत आधी त्याच्यासमोर येतो. पाळी आधी कोणाची यावरून भांडणाऱ्या मुलांचे अगदीच चुकत नाही.

तेलाच्या आठवणीसाठी तळलेले खातात. पूर्व युरोपीय घरांत किसलेल्या बटाट्याची 'लात्के' ही कुरकुरीत धिरडी होतात. बटाटा अमेरिका खंडातून आलेला, त्यामुळे हा पदार्थ मक्काबींच्या काळापासून चालत आलेला असणे शक्य नाही. मोरोक्कोच्या ज्यूंकडे मैद्याची 'स्फेंज' नावाची तळलेली कडी असतात. इस्रायलमध्ये राज्य चालते ते जॅम भरून वर पिठीसाखर भुरभुरलेल्या 'सुफगानिया'चे. लात्के घरी करता येतात. सुफगानियाला भट्टीवाला लागतो. म्हणूनच १९२० च्या दशकापासून हिस्ताद्रुत या कामगार संघटनेने त्यांचा पुरस्कार केला, असे सांगतात, म्हणजे बेकऱ्यांतल्या कामगारांना हंगामी काम मिळे.

शाळेत गोष्ट कशी सांगायची, याबद्दल मात्र एकमत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झायोनिस्ट, म्हणजे ज्यू राष्ट्रवादी, चळवळीने मक्काबींना नव्या, स्वतःच्या हिमतीवर उभ्या राहणाऱ्या ज्यूचा आदर्श मानले. 'अनू नोसिम लापिदिम' या आहारोन झेएव यांच्या गाण्यात तर चमत्कार घडलाच नाही, जे मिळाले ते कष्टाने, असा सूर आहे. धार्मिक शाळांत बुधली आणि देवाची कृपा मध्यभागी असते. लहान मुलांच्या वर्गात युद्धाचा तपशील किती सांगावा, हाही प्रश्न असतोच. चांगले शिक्षक बालवाडीत तेलाची गोष्ट सांगतात, पुढच्या वर्गांत राजाची आणि उठावाची, आणि मोठ्या मुलांना हेही सांगतात की त्या काळी ज्यू समाजातच ग्रीक चालीरीती स्वीकारणारे आणि नाकारणारे असे तट पडले होते. इतिहास त्या त्या वयाला पेलेल एवढाच उलगडत नेणे, हे वाद टाळण्यापेक्षा निश्चितच बरे.

अमेरिकेतल्या सरकारी शाळांत अडचण निराळी. तिथे शाळेने धर्माचरण घडवून आणायचे नाही. १९६३ च्या अॅबिंग्टन विरुद्ध शेम्प खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शाळेत उपासना म्हणून चालणारे बायबलवाचन घटनाबाह्य ठरवले, पण धर्माचा अभ्यास म्हणून परिचय करून द्यायला हरकत नाही, असेही स्पष्ट केले. त्यामुळे वर्गात भिंगरी फिरते, लात्के तळली जातात, मक्काबींची गोष्ट वाचली जाते. दिव्यांवरची प्रार्थना घरी म्हणायची असते. वर्गात सणाची ओळख करून देण्याचे काम अनेकदा वर्गातल्या एकमेव ज्यू मुलाच्या आईवर येऊन पडते. त्यातून एक गैरसमजही पसरतो: हनुक्का म्हणजे ज्यूंचा नाताळ. खरे तर दोन्ही सणांत हंगामाखेरीज काही सारखे नाही, आणि ज्यूंचे महत्त्वाचे सण शरद आणि वसंतात येतात. फक्त डिसेंबरमध्ये हनुक्काची ओळख करून देणारी शाळा मुलांना ज्यू जीवनाचा एक लहानसा कोपराच दाखवत असते.

खिडकीतल्या दिव्याला किती अर्थ असू शकतो, हे १९९३ च्या डिसेंबरमध्ये मॉन्टाना राज्यातल्या बिलिंग्ज शहरात दिसले. एका ज्यू मुलाच्या खोलीच्या खिडकीत हनुक्काचा दीपवृक्ष लावला होता. कोणीतरी त्या खिडकीवर दगड फेकला. शहरात ज्यू कुटुंबे मोजकीच होती. स्थानिक वृत्तपत्र 'बिलिंग्ज गॅझेट'ने पानभर दीपवृक्षाचे चित्र छापले आणि हजारो ख्रिस्ती घरांनी ते कापून आपापल्या खिडक्यांत लावले. मुलांसाठी या घटनेवर पुस्तकही निघाले.

महाराष्ट्राशी या सणाचे नाते फार जिव्हाळ्याचे आहे, आणि तेही तेलातूनच जाते. कोकणातल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटून आले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. गावोगावी त्यांनी तेलघाणे चालवले आणि शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. शब्बाथ, सुंता आणि काही सण त्यांनी जपले, पण तेलाचा हा सण त्यांच्या जुन्या चालीरीतींत नव्हता. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी त्यावरूनच अनुमान काढले की पूर्वज मक्काबींच्या उठावाच्या आधी, इ.स.पू. १७५ च्या सुमारास मायदेशातून निघाले असावेत. जो सण अजून जन्मलाच नव्हता तो ते बरोबर कसा आणणार? हे अनुमान सर्व अभ्यासकांना मान्य नाही, पण त्यातली तर्काची मांडणी सुरेख आहे.

इतर ज्यू समाजांशी संपर्क वाढल्यावर हनुक्का कोकणात आणि मुंबईत आला. या काळात शिक्षणाचे काम करणाऱ्यांत केहिमकर स्वतः होते. १८७५ मध्ये मुंबईत बेने इस्रायल मुलांसाठी शाळा निघाली, ती त्यांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या खटपटीने. तिथे इतर विषयांबरोबर हिब्रूही शिकवली जाई. पुढे माझगावच्या या शाळेला सर एली कदूरी यांचे नाव मिळाले. मुंबईच्या ज्यू घरांत आणि सिनेगॉगांत पितळेचे, भिंतीवर टांगायचे हनुक्काचे दिवे असत. काहींचा आकार षट्कोनी ताऱ्याचा, त्याला कड्या, कड्यांत काचेच्या छोट्या वाट्या. वाटीत पाणी, पाण्यावर तेल, तेलात वात. असे मुंबईचे दिवे आज परदेशातल्या संग्रहालयांतही पाहायला मिळतात.

१९४८ नंतर समाजाचा मोठा भाग इस्रायलला गेला आणि अश्दोद, लोद, रामला, दिमोना, बीरशेबा अशा गावांत स्थिरावला. घरात मराठी बोलणारी मुले तिथल्या बालवाडीत हिब्रू गाणी शिकली आणि 'इथे चमत्कार घडला' असे सांगणारी, पे अक्षराची भिंगरी खिशात घेऊन घरी आली.

आठव्या दिवशी सण संपतो. दिव्यांसाठी वेगळे काढलेले तेल आणि वाती उरल्या तर त्या दुसऱ्या कशाला वापरायच्या नाहीत आणि पुढच्या वर्षासाठी ठेवायच्या नाहीत. त्या एकत्र करून जाळून टाकायच्या, असा नियम आहे.